हजेरीची ओवी

कुरणवाडीच्या शाळेत हजेरीला कुणी 'हजर' म्हणत नसे. शैलजा इंगवले बाईंनी नाव पुकारलं की मुलानं उभं राहायचं आणि जात्यावरच्या चालीत दोन ओळी म्हणायच्या. त्याच सकाळी जुळवलेल्या, आपल्या घरच्या. यमक लंगडलं तरी बाई काही म्हणत नसत. ओळ खरी हवी, एवढंच.

“आयान मुल्ला!”

“आमच्या म्हशीला, झालंय रेडकू
नाव ठेवलंय त्याचं, आज्यानं लाडकू!”

“आणि आमचा खरवस?”

“उद्या आणतो की बाई. आजचा आज्यानंच संपवला.”

“जान्हवी गुरव!”

“गणिताच्या वहीवर, सांडला रस्सा
खोटं न्हाई बाई, खराच हा किस्सा!”

“रस्सा रोज वहीवरच कसा गं सांडतो तुझा? ताटात वाढतच नाहीत का तुला?”

पाचवीचा वर्ग खिदळायचा आणि बाई मान खाली घालून त्या ओळी दोनशेपानी वहीत उतरवून घ्यायच्या. तारीख, नाव, ओळी. वर्षाला एक, अशा त्या वह्या कपाटात रचलेल्या होत्या.

ही रीत पडली ती एका मुलापायी. चोवीस वर्षांपूर्वी वर्गात आदिनाथ मगदूम नावाचा मुलगा होता. त्याचं बोलणं अडखळायचं. 'हजर'मधला 'ह' ओठांशी येऊन असा अडायचा, जसं नवखं वासरू गोठ्याच्या उंबऱ्याशी अडतं. मुलं फिदीफिदी हसायची. एकदा बाईंनी त्याला हौदापाशी गुणगुणताना ऐकलं. गाताना तो कुठंच अडत नव्हता. दुसऱ्या दिवशी बाईंनी जाहीर केलं, आजपासून हजेरी गाऊन द्यायची. सगळ्यांनीच. म्हणजे एकट्याकडं बघून कुणी हसायला नको.

आदिनाथ गात गात पाचवीतून पुढं गेला, मग बोलायला लागला, मग पुण्याला गेला. दोन वर्षांपूर्वी तो परत आला तो पेढ्यांचा पुडा आणि संशोधकाचं ओळखपत्र घेऊन.

“बाई, तुमच्या कानात जे आहे ना, ते मला यंत्रात घालायचंय.”

“माझ्या कानात मळ आहे रे बाबा. सहा महिन्यांनी काढावा लागतो.”

तो हसला आणि समजावून सांगू लागला. त्यातलं अर्धंमुर्धं बाईंना ठाऊकच होतं. एकच लाजरं मूल एका वर्गात मिटून जातं आणि दुसऱ्यात उमलतं. शेजारी कोण बसतं, बाई कशा बोलतात, वर्ग हसतो तो कुणाला हसतो, यावर ते ठरतं. आदिनाथच्या मंडळींनी हे मोजलं होतं. एकाच गोष्टीत रमलेल्या मुलांचे श्वास हळूहळू एका लयीत येतात, काळजाचे ठोकेसुद्धा एकमेकांच्या जवळ सरकतात. ज्या वर्गात ही लय लवकर जमते तिथं शिकलेलं टिकतं. आणि मुलाच्या मनावर ओझं असलं तर ते आधी आवाजात उतरतं. ओळ सुरू करण्याआधीचा थांबा लांबतो, मधला श्वास तोकडा पडतो, शेवटचा स्वर लवकर खाली येतो.

'संगत' हे यंत्र आवाजातल्या अशा चाळीस खुणा टिपणार होतं. दुसऱ्या दिवशी मुलांनी सोडवलेली दहा गणितं त्याला मिळणार होती. कुणाच्या ओळीनंतर वर्गाची गणितं चढली आणि कुणाच्या ओळीनंतर उतरली, हे ताडत ताडत ते शिकणार होतं. मग कोणत्या मुलानं कुणाशेजारी बसावं ते सांगणार होतं. पण आधी त्याला शिकायला जुना साठा हवा होता. बावीस वर्षांच्या खऱ्या ओळी आणि त्या वर्षांतले रोजच्या गणितांचे गुण आणखी कुठं मिळणार?

बाईंनी दोन अटी घातल्या. मुलांची नावं आणि ओळी बाहेर जाता कामा नयेत. आणि यंत्रानं फक्त हजेरीपुरतं ऐकायचं, दिवसभर पोरांच्या बोलण्याला कान लावून बसायचं नाही.

“आईशप्पथ, बाई,” आदिनाथ म्हणाला, आणि लहानपणी धरायचा तसा त्यानं गळा चिमटीत धरला.

बाईंनी वह्या दिल्या.

यंदाच्या जून महिन्यात फळ्याच्या वर 'संगत'ची भाकरीएवढी पांढरी तबकडी बसली, मध्ये बारका दिवा असलेली. पहिले महिने तिनं बाईंना खूश केलं. आयानला डाव्या कानानं कमी ऐकू येतं हे बाईंच्याही ध्यानात आलं नव्हतं, ते तिनं सांगितलं. केतकी परीटला जान्हवीशेजारी बसवा म्हणाली, आणि खरोखरच बडबड्या जान्हवीशेजारी अबोल केतकी पंधरा दिवसांत खुदकन हसताना दिसली.

केतकी अकरा वर्षांची. तिची आई रंजना काजूच्या कारखान्यात होती. टरफल फोडून अख्खा गर काढण्यात तिचा हात धरणारी पंचक्रोशीत कुणी नव्हती. मग कारखान्यात डोळे असलेली यंत्रं आली आणि बायका घरी आल्या. बाकीच्या कुठं कुठं लागल्या. रंजना घरात बसली आणि हळूहळू तिचं बोलणंच आटलं. काजूच्या तेलानं काळी झालेली बोटं मांडीवर ठेवून ती दाराकडं बघत राही. हे सगळं बाईंना केतकीच्या ओळींतून कळलं होतं. एका सकाळी ती उभी राहिली, बराच वेळ थांबली आणि म्हणाली,

“चहा उतू गेला, शेगडी विझली
आई माझी बाई, बघत बसली.”

अशी ओळ आली की बाई गणिताचं पुस्तक मिटायच्या. सगळ्यांना गोल बसवायच्या, मध्ये भुईमुगाच्या शेंगांचं सूप ठेवायच्या आणि गोष्ट लावायच्या. विचारायच्या काहीच नाहीत. शेंगा फोडता फोडता ज्याला जे बोलायचं ते आपोआप बाहेर यायचं, आणि नाही आलं तरी शेंगा पोटात जायच्या. मधल्या सुट्टीपर्यंत वर्ग पुन्हा एका श्वासात यायचा. त्या दिवसाचं गणित मात्र बुडायचं. हे बाईंनी वहीत कधी लिहिलं नाही. आमटीत मीठ घातलं हे कुणी लिहून ठेवतं का?

दिवाळीनंतर पालकांची बैठक लागली. केंद्रप्रमुख साहेब आले. आजूबाजूच्या आठ शाळा त्यांच्या हाताखाली. 'संगत'च्या आकड्यांवरून आठही शाळांतल्या मुलांची नव्यानं जुळवणी होणार होती. तसा निर्णय वर झाला होता, म्हणाले. त्यांनी यादी वाचायला घेतली आणि बाईंच्या वर्गातलं एकच नाव त्यात निघालं.

“केतकी परीट. वर्गावर परिणाम, उणे चौदा. शिफारस, तालुक्याची निवासी शाळा.”

रंजना मागं भिंतीला टेकून बसली होती. कितीतरी दिवसांनी तिनं तोंड उघडलं. “म्हंजे काय ओ साहेब?”

“म्हणजे ताई, पोरगी हुशार आहे. पण तिच्या मनावर ताण आहे आणि तो बाकीच्या पोरांना लागतो. घरचं वातावरण... आता मी काही मनचं सांगत नाही, आधार आहे याला.” त्यांनी हातातल्या टॅबच्या काचेवर बोट फिरवलं आणि बातमी वाचावी तशा सपाट आवाजात वाचलं, “चहा उतू गेला, शेगडी विझली. आई माझी बाई, बघत बसली.”

कुणीतरी हसू दाबलं. रंजनानं आपली काळी बोटं पदराखाली घेतली.

“घरातला चहा उतू गेला त्ये सायबाला कसं कळलं गं?” तिनं लेकीला विचारलं.

 केतकीनं फक्त बाईंकडं बघितलं. रडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी नाव घेतलं, “आयान मुल्ला.”

“हजर.”

“जान्हवी गुरव.”

“हजर.”

एकोणीस मुलं. एकोणीस वेळा. जान्हवीनं उभं राहायचेही कष्ट घेतले नाहीत. केतकीच्या नावाला बाईंचाच आवाज अडला, चोवीस वर्षांपूर्वी त्या पोराचा अडायचा तसा.

शनिवारी आदिनाथ आला. बाईंनी त्याला व्हरांड्यातल्या मुलांच्या बाकड्यावर बसवलं. त्याचे गुडघे हनुवटीला लागत होते.

“शप्पथ घेतली होतीस तू.”

“बाई, मी नावं झाकलीच होती. पण जुळवणी करायची तर मूल कोण ते कळायलाच हवं ना त्यांना? वरून नावं आणि ओळी, दोन्हींची मागणी आली.”

“आणि तू दिलीस.”

“मी फक्त मोजलं, बाई. वाटणी त्यांनी केली.”

“ते उणे चौदा कुठून आले ते सांग. समजेल असं सांग.”

त्यानं मांडीवर काच धरून दाखवलं. जून ते दिवाळी केतकीनं एकोणीस वेळा उदास ओळ म्हटली होती. त्यातल्या सतरा वेळा दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाची गणितं चुकली होती. जुन्या वह्यांतही तेच. उदास ओळ आली की वर्ग उतरतो, बावीस वर्षं. इतका स्वच्छ संबंध त्यानं कुठंच पाहिला नव्हता.

बाई त्या उतरत्या रेघांकडं बघत राहिल्या. मग त्यांना कळलं.

“आदू, अरे, त्या दिवशी मी गणित शिकवतच नव्हते! शेंगा फोडत होतो आम्ही. तूपण फोडल्यास. आठवत नाही तुला? शिकवलंच नाही तर दुसऱ्या दिवशी येणार कसं?”

 यंत्राला फक्त हजेरी ऐकू येत होती. हजेरीनंतरच्या दिवसाला ते बहिरं होतं, कारण बाईंनीच तशी अट घातली होती. वहीत ओळ होती, शेंगा नव्हत्या. वर्ग उतरायचा तो बाईंनी पुस्तक मिटल्यामुळं, आणि यंत्रानं त्याचा दोष ओळ म्हणणाऱ्या पोरीच्या माथी मारला होता.

“तुला माहीत होतं,” बाई हळूच म्हणाल्या.

“पक्कं माहीत नव्हतं. शंका होती.” तो खाली बघत होता. “पहिल्या वहीवर मी ते चालवून बघितलं. माझ्या वर्षावर. माझे उणे सतरा आले.”

“म्हणजे तेव्हा हे असतं तर मी तुला घालवून द्यायला हवं होतं.”

“सरासरी खरंच वाढते बाई, आठही शाळांची. मी ते मागं घेतलं असतं तर सगळं कामच... सहा वर्षं घातलीत मी त्यात.”

इतकं सलग, कुठंही न अडखळता, तो बोलत होता. ते बोलणं आपणच त्याला दिलं, असं बाईंच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

जाताना त्यानं एक वाट सांगितली. फेरमोजणी मागता येते. एकवीस दिवस. त्यात केतकीच्या ओळी आणि वर्गाची गणितं दोन्ही वर गेली तर नाव यादीतून निघतं.

बाईंनी फेरमोजणी मागितली. मधल्या सुट्टीत केतकीला हौदापाशी बोलावलं.

“रोज एक चांगली ओळ म्हणायची. मी देते. दारातल्या उन्हात, फुलली जाई. भाकरी थापताना, गाणं गाते आई.”

“आई गात न्हाई बाई.”

“माहीत आहे मला.”

“तुम्हीच म्हणालावता, ओळ खरी पायजे.”

“म्हणाले होते. एकवीस दिवस नको. मग तू इथंच राहशील. तालुक्याला जायचंय का तुला?”

केतकीनं मान हलवली. ती गेली तर घरात आईजवळ कुणीच नव्हतं.

पण तबकडी शब्दांना फसणारी नव्हती, आवाज खरा लागत होता. बाईंनी विचारलं, “आई शेवटची कधी गायली होती?”

“कारखान्यात. मला पोत्यावर बसवायची. सगळ्या बाया गायच्या, आई सगळ्यात मोठ्यानं.”

“मग ते पोतं डोळ्यासमोर आण. त्याच्यावर बस. आणि मग ओळ म्हण.”

मुलीचा एकुलता एक खरा आनंद बाईंनी असा खोट्याला जुंपला. केतकी हुशार होती. चौथ्या दिवशी तिचा आवाज असा लागला, की बाईंच्याच अंगावर काटा आला. तबकडीचा दिवा हिरवा झाला. त्या एकवीस दिवसांत बाईंनी पुस्तक एकदाही मिटलं नाही. शेंगांचं सूप फळीवर धूळ खात राहिलं.

केतकीचा आकडा आला, अधिक नऊ. नाव यादीतून निघालं. आदिनाथचा निरोप आला, 'बाई, तुमचा वर्ग केंद्रात पहिला! मी म्हटलं होतं ना!'

मुलं मात्र शिकायचं ते शिकली होती. एका पोरीची सुटका कशानं झाली हे त्यांनी बघितलं होतं. आता सगळ्यांच्याच दारात जाई फुलू लागली. कुणाचा बाप हसरा, कुणाची आजी ठणठणीत. आयान रोज सांगायचा,

“लाडकू आमचा, नाचतो गोठ्यात
साखरेचं बोट, देतो मी ओठात!”

बाजारात आयानचा आजा भेटला. बाईंनी कौतुकानं रेडकाची चौकशी केली. म्हातारा बघतच राहिला. “त्ये मेलं की बाई. आठ दिस झालं. पोरगं जेवत न्हाई त्याच्यापायी. तुमास्नी बोलला न्हाई व्हय?”

बाई भाजी न घेताच वळल्या. आठ दिवस त्यांनी ती ओळ ऐकली होती. आठ दिवस त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

रविवारी सकाळी त्या परटांच्या घरी गेल्या. केतकी पाण्याला गेली होती. रंजना दारात बसली होती. तिनं बाईंना 'या' म्हटलं नाही.

“आता काय ऐकून न्यायला आलाय?”

बाई पायरीवर बसल्या. सगळं सांगितलं. वह्या, शप्पथ, शेंगा, खोटी जाई. केतकीच्या ओळीनं काही बिघडलं नव्हतं, बिघडलं ते आपण गणित थांबवायचो म्हणून, हेही सांगितलं.

“मग आता थांबवता का?” रंजनानं विचारलं.

“नाही. थांबवलं तर आकडा पुन्हा तिच्यावर पडेल. दर तीन महिन्यांनी मोजतात.”

“म्हंजे पोरगी ऱ्हायली,” रंजना म्हणाली, “आन् शाळा गेली.”

 बाई बऱ्याच वेळानं उठल्या.

वाटेत त्यांच्या मनात एक हिशोब बसत गेला. यंत्र हजेरीत जो आवाज ऐकतं त्याच्यावर खापर फोडतं. ज्या दिवशी वर्ग थांबवायचा त्या दिवशी सगळ्यांत उदास ओळ आपलीच असली, तर खापर आपल्या नावावर फुटेल. पोरांनी खुशाल जाई फुलवावी. ओळींतून आता काही कळत नसलं तरी डोळे आहेतच अजून, ताट कोण नीट खात नाही ते दिसतंच. फार तर जूनमध्ये यादीत आपलं नाव येईल. चोवीस वर्षं एका शाळेत काढलेल्या बाईला कुठल्या तरी कचेरीत कागद लावायला बसवतील. बसवू देत.

सोमवारी जायांचे सगळे मांडव फुलून झाल्यावर बाईंनी हजेरीपट बंद केला नाही.

“शैलजा इंगवले,” त्यांनी स्वतःचं नाव घेतलं, आणि खुर्चीतून उठून मुलांसारख्या हात बांधून उभ्या राहिल्या.

“बावीस वह्यांचा, घातला मी घोळ
चव्हाट्यावर मीच, मांडली तुमची ओळ.”

ओळ त्यांनी सकाळी चुलीपाशी दहादा घोटली होती. थांबा कुठं घ्यायचा, श्वास कुठं तोडायचा, सगळं ठरवून. पण शेवटच्या स्वराला आवाज ठरवल्याच्या आधीच फाटला. तबकडीचा दिवा तांबडा झाला.

बाईंनी पुस्तक मिटलं. फळीवरचं सूप काढलं, पदरानं पुसलं, त्यात शेंगा ओतल्या. “या रे, गोल बसा. आज माझं मन जाग्यावर नाही.”

मुलं एकमेकांकडं बघत राहिली. मग आयान सरकला, अगदी बाईंच्या गुडघ्याला टेकून बसला आणि शेंगा न फोडता नुसता मुठीत धरून राहिला. जान्हवी आली. एकेक करत सगळी आली.

केतकी जागेवरच होती.

“ये की गं,” बाई म्हणाल्या.

“बाई, ती ओळ खरी होती? का तबकडीसाठी?”

अठरा तोंडं बाईंकडं वळली. शेंगेचं टरफल कुठंतरी फुटलं, तेवढाच आवाज.

“खरी होती,” बाई म्हणाल्या. आणि मग, कारण आता खोटं बोलायला जागाच उरली नव्हती, “आणि तबकडीसाठीपण.”

केतकीनं मान किंचित कलती केली. गेली चोवीस वर्षं बाई ज्या तऱ्हेनं मुलांचा आवाज कानावर तोलत, त्याच तऱ्हेनं तिनं बाईंचा आवाज तोलून बघितला.

मग जागेवरून न हलता तिनं आपलं पुस्तक उघडलं, पट्टीनं समास आखला आणि पुढचं गणित मांडायला घेतलं.